तोशिबा एमजी०९, १८ टेराबाइट: स्पिन-टॉर्क ऑसिलेटर घेऊन बाजारात आलेली हार्ड डिस्क

तोशिबा कंपनीने एमजी०९ ही १८ टेराबाइट क्षमतेची हार्ड डिस्क फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केली. मायक्रोवेव्हच्या साहाय्याने चुंबकीय लेखन करण्याच्या तंत्राला या क्षेत्रातील मंडळी 'मॅमर' म्हणतात. या तंत्राचा एक प्रकार प्रयोगशाळेतून काढून विक्रीच्या मालात उतरवणारी डिस्क म्हणून एमजी०९ चे महत्त्व आहे. इंदूरमधील रामबाग परिसरातल्या आमच्या मंडळाच्या मराठी ग्रंथसंग्रहासाठी आम्ही अशा दोन डिस्क घेतल्या. आता त्या पुरेशा वापरून झाल्या आहेत, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आरंभीच सांगतो. साठवणुकीचे साधन म्हणून ही डिस्क उत्तम आहे आणि ज्यांना दीर्घकाळ जपायचा मजकूर आहे त्यांनी ती निर्धास्तपणे विचारात घ्यावी. मात्र स्पिन-टॉर्क ऑसिलेटर या, विद्युत्प्रवाहातून मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या, विलक्षण अतिसूक्ष्म साधनाकडून संशोधकांनी जी अपेक्षा केली होती तिचा पहिलाच टप्पा हिच्यात उतरला आहे. हा फरक ग्राहकाला दुकानात कोणी समजावून सांगत नाही, म्हणून या लेखाचा मोठा भाग मी त्यालाच दिला आहे.

आमची गरज साधी होती. संग्रहात मोडी लिपीतील कागद आहेत, बंद पडलेल्या मासिकांचे अंक आहेत आणि घरगुती गाण्याच्या बैठकींच्या ध्वनिफितीही आहेत. ए-४ आकाराच्या एका पानाची ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके), रंगीत आणि आकुंचन न केलेली टिफ प्रकारची चित्रप्रत घेतली, तर ती सुमारे १०४ मेगाबाइटची होते. या हिशेबाने १८ टेराबाइटमध्ये १ लाख ७० हजारांच्या आसपास पाने मावतात. पूर्वी हाच मजकूर चार-चार टेराबाइटच्या अनेक डिस्कवर विखुरलेला असे आणि कोणते दप्तर कोणत्या डिस्कवर आहे याची वही ठेवावी लागे. मोठी डिस्क घेण्याचे आमचे खरे कारण ती वही बंद करणे हे होते. दोन डिस्क घेण्याचे कारण त्याहून महत्त्वाचे आहे, ते म्हणजे जपायच्या मजकुराची प्रत एकाच ठिकाणी कधीही असू नये. एक डिस्क संग्रहाच्या खोलीत राहते आणि दुसरी, जिची प्रत ठरावीक काळाने ताजी केली जाते, एका विश्वस्तांच्या घरी दुसऱ्या पेठेत.

इंदूरमध्ये संगणकाचे सुटे भाग घ्यायचे म्हटले की पाय आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलकडे वळतात. तिथे घरगुती वापराच्या डिस्क सहज मिळतात, पण एमजी मालिकेसारख्या, मुळात डेटा सेंटरसाठी घडवलेल्या डिस्क दुकानदार बहुधा मागणी आल्यावरच मागवून देतात. घेताना एक काळजी अवश्य घ्यावी. पैसे देण्यापूर्वी डिस्कवरील अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून तिची हमी भारतात लागू आहे की नाही, हे तिथेच उभे राहून पाहावे. एमजी०९ ला कंपनीची ५ वर्षांची हमी आहे, परंतु बाहेरच्या बाजारातून आलेल्या किंवा एखाद्या मोठ्या यंत्रासोबत विकल्या गेलेल्या डिस्कवर ग्राहकाला ती हमी थेट मिळेलच असे नाही. किमतीत फार मोठी सवलत दिसली तर आधी हाच प्रश्न विचारावा.

आता आतल्या यंत्रणेकडे वळतो, कारण या डिस्कचे वेगळेपण तिथेच आहे. हार्ड डिस्कच्या तबकडीवर अतिशय सूक्ष्म चुंबकीय कणांचा एक पातळ थर असतो. हे कण साधारण ८ नॅनोमीटर रुंदीचे असतात आणि माहितीचा एक बिट अशा मोजक्या कणांच्या समूहात लिहिला जातो. अधिक माहिती मावावी म्हणून कण लहान करावेत, तर त्यांची चुंबकीय दिशा खोलीच्या साध्या उष्णतेनेही आपोआप उलटण्याचा धोका वाढतो. दिशा अनेक वर्षे टिकायची असेल तर कणाची चुंबकीय ऊर्जा उष्णतेच्या ऊर्जेच्या साधारण ६० पट असावी लागते. म्हणून कण लहान केले की त्यांचा पदार्थ अधिक कडवा, म्हणजे दिशा बदलण्यास अधिक विरोध करणारा, निवडावा लागतो. परंतु पदार्थ असा कडवा केला की लेखन हेडला, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने तबकडीवर लिहिणाऱ्या भागाला, त्याची दिशा उलटवता येत नाही, कारण हेडचा ध्रुव ज्या लोह-कोबाल्ट मिश्रधातूचा असतो त्याची मर्यादा सुमारे २.४ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) आहे आणि त्याहून सरस पदार्थ व्यवहारात हाती नाही. लहान कण, टिकाऊ दिशा आणि लिहिता येण्याजोगा पदार्थ या तीन गोष्टींपैकी दोन साधल्या की तिसरी सुटते. गेली अनेक वर्षे हार्ड डिस्कचा सारा उद्योग याच पेचात अडकलेला होता.

स्पिन-टॉर्क ऑसिलेटरचा जन्म या पेचातून झाला नाही, तो शुद्ध भौतिकशास्त्रातून झाला. १९९६ मध्ये आयबीएमचे जॉन स्लॉन्झेव्स्की आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाचे लुक बर्गर यांनी स्वतंत्रपणे असे भाकीत केले, की ज्या विद्युत्प्रवाहातील इलेक्ट्रॉनांचे स्पिन (अंगभूत फिरकी) बहुतांशी एकाच दिशेचे आहेत असा प्रवाह अतिशय पातळ चुंबकीय थरातून सोडला, तर ते इलेक्ट्रॉन आपले कोनीय संवेग त्या थराला देतील आणि कोणतेही बाह्य चुंबक न वापरता थराची दिशा ढकलली जाईल. त्याआधी १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पीटर ग्र्यूनबर्ग यांनी शोधलेल्या महाचुंबकरोध परिणामात, ज्यासाठी त्यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, थरांच्या चुंबकीय दिशेचा प्रवाहावर परिणाम होतो हे दिसले होते. स्लॉन्झेव्स्की आणि बर्गर यांनी त्याची उलट बाजू दाखवली. प्रवाहाचे हे ढकलणे आणि थरातील नैसर्गिक क्षय यांचा तोल साधला, की थराची चुंबकीय दिशा उलटतही नाही आणि स्थिरही होत नाही. ती एका अक्षाभोवती शंकूच्या मार्गाने अखंड घुमत राहते. हे घुमणे सेकंदाला अब्जावधी वेळा, म्हणजे गिगाहर्ट्झच्या कक्षेत होते. थोडक्यात, एकदिश प्रवाह आत जातो आणि काही दशक नॅनोमीटर आकाराच्या साधनातून मायक्रोवेव्ह वारंवारतेचे क्षेत्र बाहेर येते. कॉर्नेल विद्यापीठातील गटाने २००३ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. मला स्वतःला या शोधाचे सौंदर्य आजही थक्क करते, कारण एवढ्या लहान जागेत मायक्रोवेव्हचा स्रोत उभा करण्याचा दुसरा मार्ग सहजी सुचत नाही.

हे साधन लेखन हेडमध्ये वापरावे, ही कल्पना कार्नेगी मेलनचे जियान-गांग झू आणि त्यांचे सहकारी यांनी जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सविस्तर मांडली. भिंतीत घट्ट बसलेली खुंटी सरळ ओढून निघत नाही, पण इकडेतिकडे हलवत ओढली की त्याच जोराने निघते. झू यांच्या योजनेत ऑसिलेटरचे काम हेच होते. तबकडीवरील कणांच्या स्वतःच्या घुमण्याच्या वारंवारतेशी जुळणारे क्षेत्र ऑसिलेटरने अगदी जवळून द्यायचे, कण डोलू लागले की मुख्य ध्रुवाच्या त्याच मर्यादित क्षेत्राने ते उलटवायचे आणि ऑसिलेटर पुढे सरकला की कण पुन्हा आपल्या मूळच्या कडवेपणात स्थिर होतील. यात तबकडी तापवावी लागत नाही. लिहिण्याचा एक क्षण वगळता कणाचे स्थैर्य कायम राहते आणि वरच्या तिन्ही अटी एकदम पाळल्या जातात.

ऑक्टोबर २०१७ मध्ये वेस्टर्न डिजिटलने हेच तंत्र आपण वापरणार असून २०२५ पर्यंत ४० टेराबाइटची डिस्क शक्य होईल असे जाहीर केले, तेव्हा या विषयात रस असणाऱ्या प्रत्येकाला वाटले की हा प्रश्न सुटला. पुढे त्या कंपनीने आपल्या १८ टेराबाइटच्या डिस्कमध्ये वेगळा मार्ग धरला. तिच्यात लिहिताना मुख्य ध्रुवातून एक विद्युत्प्रवाह सोडला जातो आणि त्यामुळे लेखन अधिक नेमके होते, पण त्यात ऑसिलेटर नाही.

तोशिबाच्या एमजी०९ मध्ये स्पिन-टॉर्कचे साधन आहे, मात्र त्याला दिलेले काम झू यांच्या योजनेतले नाही. कंपनी या प्रकाराला 'फ्लक्स कंट्रोल मॅमर' म्हणते. लेखन हेडमध्ये मुख्य ध्रुव आणि त्याच्या मागचे कवच यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. मुख्य ध्रुवातून निघालेल्या चुंबकीय प्रवाहापैकी काही भाग तबकडीकडे न जाता या फटीतून थेट कवचात शिरतो, म्हणजे लिहिण्याच्या दृष्टीने वाया जातो. याच फटीत ते साधन बसवलेले आहे. त्यातून प्रवाह सोडला की त्याच्या थराची चुंबकीय दिशा फटीतील क्षेत्राच्या विरुद्ध वळते, फटीतून गळणारा चुंबकीय प्रवाह अडतो आणि तो खाली तबकडीकडे ढकलला जातो. परिणामी लेखनाचे क्षेत्र अधिक जोरकस होते आणि त्याची कडही अधिक तीक्ष्ण होते. तीक्ष्ण कडेमुळे शेजारशेजारचे बिट अधिक जवळ लिहिता येतात. येथे तबकडीवरील कणांना त्यांच्या वारंवारतेवर डोलवणे हे मुख्य काम नाही, मुख्य काम हेडच्या अंगचे सामर्थ्य वाया जाऊ न देणे हे आहे. कण डोलवून लिहिण्याचा प्रकार तोशिबा वेगळा मानते, त्याकडे पुढे येतो.

या फरकाचा परिणाम आकड्यांत दिसतो. आधीच्या एमजी०८ मालिकेत ९ तबकड्यांवर १६ टेराबाइट मावत होते. एमजी०९ मध्येही ९ तबकड्याच आहेत आणि क्षमता १८ टेराबाइट, म्हणजे दर तबकडीला २ टेराबाइट झाली. वाढ साडेबारा टक्क्यांची. तीही सगळी एकट्या ऑसिलेटरच्या श्रेयाची मानता येणार नाही, कारण दरम्यान तबकडीचा थर आणि वाचन हेड यांतही सुधारणा होतच असतात. २०१७ मध्ये ऐकलेल्या मोठ्या आकड्यांच्या मानाने ही वाढ लहान वाटेल. तरीही मी तिला कमी लेखत नाही. तबकडीला लंब दिशेने लिहिण्याची पद्धत जपानमधील तोहोकू विद्यापीठाचे शुनिची इवासाकी यांनी १९७० च्या दशकात मांडली आणि ती पहिल्यांदा विक्रीच्या डिस्कमध्ये आली २००५ साली, तीही तोशिबाच्याच. जवळजवळ ३० वर्षे गेली. त्या मानाने २००८ च्या निबंधातील साधन २०२१ मध्ये, पहिल्या टप्प्यापुरते का होईना, लाखोंच्या संख्येने घडवता येणाऱ्या हेडमध्ये बसले, ही अभियांत्रिकीची मोठी कामगिरी आहे. हेड आणि तबकडी यांच्यातले अंतर एक-दोन नॅनोमीटरचे, साधनातून वाहणाऱ्या प्रवाहाची घनता दर चौरस सेंटीमीटरला कोटीच्या घरातील अँपिअरची आणि हे सारे तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत असताना. इतक्या बिकट स्थितीत वर्षानुवर्षे टिकणारे साधन घडवणे निबंध लिहिण्याइतकेच अवघड असते.

प्रत्यक्ष वापराबद्दल सांगण्यासारखे बरेच चांगले आहे. ही डिस्क पारंपरिक पद्धतीने, म्हणजे एकमेकांवर न चढणाऱ्या स्वतंत्र पट्ट्यांत लिहिते. जपणुकीच्या कामात मी या गोष्टीला मोठे मोल देतो. कौलांसारख्या पट्ट्या एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या डिस्क स्वस्त पडतात, परंतु त्यांच्यात मधलाच एखादा भाग पुन्हा लिहायचा झाला की वेग कोसळतो. एमजी०९ मध्ये एकेका दप्तराची सुधारित प्रत जुन्या प्रतीवर चढवताना असा अडथळा जाणवत नाही. कंपनीने सांगितलेला सेकंदाला २६८ मेबीबाइटचा (मेबीबाइट म्हणजे मेगाबाइटहून किंचित मोठे एकक) वेग तबकडीच्या बाहेरच्या कडेवर जवळजवळ पूर्ण मिळतो आणि आतल्या कडेकडे जाताना तो निम्म्याच्या जवळ येतो. सगळ्याच हार्ड डिस्कचे असे असते, कारण आतल्या फेऱ्याची लांबी कमी असते. संपूर्ण डिस्क लिहून काढायला आणि पुन्हा वाचून पडताळायला प्रत्येकी एका दिवसाहून थोडा अधिक वेळ धरावा. नवी डिस्क कामाला लावण्यापूर्वी हे दोन्ही करावे, असे मी आग्रहाने सांगेन. संगणक तिची क्षमता १६.३ टेराबाइटच्या घरात दाखवतो, तेव्हा काही कमी मिळाले असे समजू नये. कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि संगणक द्विमान पद्धतीने.

आवाज मात्र होतो. हेड इकडून तिकडे जाताना होणारी घरघर शांत खोलीत स्पष्ट ऐकू येते, म्हणून ज्या टेबलावर बसून वाचन करायचे तिथे ही डिस्क ठेवू नये. आमच्याकडे ती वाचनाच्या दालनापासून दूर, पुस्तकांच्या कपाटांमागच्या खोलीत आहे. उष्णतेबाबत मला अधिक काळजी होती, कारण मे महिन्यात इंदूरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि संग्रहाच्या खोलीत वातानुकूलन नाही. डिस्कच्या आत हवेऐवजी हीलियम वायू भरून आवरण लेझरने सांधलेले आहे. हीलियमचा विरोध हवेपेक्षा पुष्कळ कमी असल्याने तबकड्या फिरवायला कमी शक्ती लागते आणि त्या मानाने उष्णताही कमी निर्माण होते. कंपनीने कामाच्या तापमानाची मर्यादा ६० अंश दिली आहे. समोर एक साधा पंखा असलेल्या पेटीत उन्हाळ्यातही डिस्क या मर्यादेच्या बरीच खाली राहिली. पंखा नसलेल्या, चारही बाजूंनी बंद प्लॅस्टिकच्या बाहेरील पेटीत मात्र ही डिस्क मी कोणालाही वापरू देणार नाही. डिस्कच्या आरोग्याची माहिती देणाऱ्या नोंदींत हीलियमची स्थिती दाखवणारी मूल्ये आहेत, ती महिन्यातून एकदा तरी पाहावीत. ऑसिलेटरची स्वतंत्र नोंद मात्र त्या यादीत मला दिसली नाही. ज्या साधनामुळे ही डिस्क वेगळी ठरते त्याच्या प्रकृतीचे ग्राहकाला काहीच कळू नये, ही उणीव मला खटकते. हेडच्या एकूण चुकांच्या नोंदींवरून अंदाज बांधण्यापलीकडे आपल्या हाती काही राहत नाही.

पावसाळ्यापूर्वीच्या वादळांत आपल्याकडे वीज अचानक जाते. या मालिकेत, लिहिण्यासाठी आलेला पण तबकडीवर अजून न पोहोचलेला मजकूर वीज गेल्यावरही सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था आहे. तिच्यावर विसंबून यूपीएस टाळावा असे मी म्हणणार नाही, पण यूपीएसची बॅटरी नेमकी दगा देते त्या दिवशी ही व्यवस्था उपयोगाची ठरेल.

विश्वासार्हतेच्या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. कंपनी दोन बिघाडांमधला सरासरी काळ २५ लाख तास सांगते. याचा अर्थ एक डिस्क २८५ वर्षे चालेल असा अजिबात नाही. वर्षात ८,७६० तास असतात, तेव्हा या आकड्याचा खरा अर्थ असा, की एक हजार डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर त्यांतील साधारण साडेतीन बंद पडण्याची अपेक्षा आहे. आपल्याकडे दोनच डिस्क असतात आणि बंद पडणारी डिस्क आपलीच असू शकते, म्हणूनच दुसरी प्रत हवी. वर्षाला ५५० टेराबाइट वाचन-लेखनाचा भार सोसण्याची हिची क्षमता आहे. संपूर्ण डिस्क वर्षातून सुमारे ३० वेळा वाचून किंवा लिहून काढण्याइतका हा भार होतो. ग्रंथसंग्रह, संगीताचा संग्रह, छायाचित्रकाराचे काम किंवा लहान कार्यालयाचे दप्तर यांपैकी कोणालाही ही मर्यादा गाठणे कठीण आहे.

साहजिकच पुढचा प्रश्न येतो, की आज ही डिस्क घ्यावी की खऱ्या अर्थाने कण डोलवून लिहिणारी डिस्क येईपर्यंत थांबावे. डिसेंबर २०२१ मध्ये तोशिबाने, तबकड्या बनवणारी शोवा डेंको आणि हेड बनवणारी टीडीके यांच्या सहकार्याने, त्या पुढच्या टप्प्याचा परिणाम प्रत्यक्ष दाखवल्याचे जाहीर केले. त्यातील ऑसिलेटरमध्ये क्षेत्र निर्माण करणारे एकाऐवजी दोन थर आहेत आणि त्याच्याशी वारंवारता जुळणारी तबकडी वेगळी घडवावी लागते. झू यांची मूळ कल्पना हीच. यातील अडचणही समजण्यासारखी आहे. ऑसिलेटरची वारंवारता आणि तबकडीतील कणांची वारंवारता जुळली तरच लाभ मिळतो, आणि कोट्यवधी कण काही अगदी एकसारखे नसतात. मे २०२४ मध्ये कंपनीने याच मायक्रोवेव्हच्या मार्गाने ३१ टेराबाइट, आणि लेझरने तबकडी तापवून लिहिण्याच्या दुसऱ्या मार्गाने ३२ टेराबाइट साधल्याचे सांगितले. दोन्हींमध्ये एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्या वापरल्या होत्या. तापवण्याच्या मार्गावर सीगेट ही कंपनी पुढे आहे. तिने जानेवारी २०२४ मध्ये दर तबकडीला ३ टेराबाइट साठवणारी, लोह-प्लॅटिनमचा थर क्षणार्धात ४०० अंशांच्या वर तापवून लिहिणारी मालिका जाहीर केली. केवळ क्षमतेची तुलना केली तर आज तो मार्ग सरस ठरतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्या मजकुराला पुन्हा जन्म नाही, त्याच्यासाठी तबकडी न तापवणारी आणि अनेक वर्षे बाजारात पारखली गेलेली रीत मला अधिक जवळची वाटते. आमच्या दोन्ही डिस्क याच विचाराने निवडल्या.

तोशिबाच्याच पुढच्या डिस्कशी तुलना करताना तबकड्यांची संख्या पाहावी. २० टेराबाइटच्या एमजी१० मध्ये १० तबकड्या आहेत, म्हणजे दर तबकडीला पुन्हा २ टेराबाइटच. ती वाढ जास्तीच्या तबकडीची आहे, लेखनतंत्राची नाही. त्यानंतर आलेल्या २२ टेराबाइटच्या एमजी१०एफ मध्ये आणि २४ टेराबाइटच्या एमजी११ मध्ये तबकड्या १० च ठेवून घनता वाढवली आहे, म्हणून तंत्राची खरी प्रगती पाहायची तर या दोन डिस्ककडे पाहावे. एमजी०९ आणि एमजी१० यांच्यात निवड करायची झाली, तर दर टेराबाइटला पडणारी किंमत ज्या डिस्कची कमी ती घ्यावी, दुसरा निकष लावण्याचे कारण नाही.

ऑसिलेटरचे आणखी एक क्षेत्र आहे आणि ते येथे सांगितले नाही तर या साधनावर अन्याय होईल. हे साधन फक्त लिहिण्यापुरते नाही, त्याच्याकडून गणनाही करून घेता येते. २००५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी शेजारशेजारचे ऑसिलेटर आपोआप एका तालात येतात हे दाखवले. त्याच वर्षी, आज मुंबईच्या आयआयटीत असलेले अश्विन तुळापूरकर यांनी जपानमधील सहकाऱ्यांसह याच परिणामाची उलट बाजू, म्हणजे मायक्रोवेव्ह आत देऊन एकदिश विद्युत्दाब मिळवणे, प्रसिद्ध केली. स्पिन-टॉर्कच्या जागतिक वाङ्मयात हा निबंध पायाभूत मानला जातो. २०१७ मध्ये फ्रान्समधील ज्युली ग्रोलिए यांच्या गटाने एकाच ऑसिलेटरकडून बोललेले अंक ओळखवून घेतले आणि ९९.६ टक्क्यांपर्यंत अचूकता मिळवली. पुढच्या वर्षी चार ऑसिलेटर जोडून बोललेले स्वर ओळखण्याचा प्रयोग झाला. स्वीडनमधील योहान ओकरमन यांच्या गटाने २०२० मध्ये जवळच्या जातीच्या ६४ ऑसिलेटरांचा चौकोनी समूह एका तालात आणला. या प्रयोगांतून उद्या घरात येणारी वस्तू लगेच तयार होईल असे नाही, परंतु ज्या साधनाच्या मदतीने आमच्या मोडी कागदांच्या प्रती साठवल्या जातात, त्याच जातीचे साधन एके दिवशी ते कागद वाचण्याच्या कामी यावे, ही आशा बाळगायला आधार आहे.

इंदूरच्या वाचकांसाठी एवढे जोडतो, की हा विषय आपल्या शहराला परका नाही. खंडवा रोडवरील यूजीसी-डीएई संशोधन केंद्रात चुंबकीय पातळ थरांचा अभ्यास अनेक वर्षे चालत आला आहे आणि राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र किरण निर्माण करणारे यंत्र, आहे. त्याच्या क्षकिरणांनी अशा थरांची रचना तपासता येते. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी या संस्थांच्या खुल्या दिवसांना जरूर जावे.

खरेदीबद्दल शेवटचे काही मुद्दे. घरच्या संगणकाला जोडायची असेल तर साटा जोडणीची (घरच्या संगणकांतली नेहमीची जोडणी) आणि ५१२ई प्रकारची (जुन्या संगणकांनाही चालणारी) डिस्क मागावी. एसएएस जोडणीची, म्हणजे सर्व्हरसाठीची, डिस्क साध्या संगणकाला जोडता येत नाही. ४केएन प्रकारची डिस्क जुन्या संगणकांना ओळखता येईलच असे नाही. साधी बाहेरील पेटी घेणार असाल तर ती १८ टेराबाइट क्षमता ओळखते का आणि तिच्यात पंखा आहे का, हे दोन्ही तपासावे. ज्यांचा मजकूर चार-पाच टेराबाइटच्या आत आहे त्यांनी ही डिस्क घेऊ नये, त्यांच्यासाठी दोन लहान डिस्क स्वस्त आणि पुरेशा ठरतील. दहा टेराबाइटच्या वर गेलेल्या आणि दरवर्षी वाढणाऱ्या संग्रहासाठी मी एमजी०९ ला पाचपैकी साडेचार तारे देतो. अर्धा तारा कमी केला तो ऑसिलेटरच्या प्रकृतीची नोंद ग्राहकाला न दिल्याबद्दल. संग्रहातील ध्वनिफितींचे काम पूर्ण झाले की आणखी दोन डिस्क लागतील, तेव्हा एमजी११ चा भाव आणि तिची भारतातील हमी पाहून निर्णय घेऊ.